सुमित्रक्का, मधली खुर्ची रिकामी आहे

अक्का, तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस. सकाळी तुमच्या भाच्याचा फोन आला होता. मल्लेश्वरमच्या घरी विधी चालू आहेत, फक्त घरचीच माणसं आहेत, तुम्ही बेळ्ळंदूरहून एवढ्या लांब नाही आलात तरी चालेल, असं तो फार नम्रपणे म्हणाला. मी ‘बरं’ म्हटलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तुमच्या फोटोसमोर बसायची माझी तयारी नाही. आपलं निम्मं बोलणं भांडणातच व्हायचं, आणि फोटो काही उलट बोलत नाही.

बंगळुरातल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी कुलकर्णीकाकांनी माझ्याकडे तुमच्यावर लेख मागितलाय. “कार्याचा आढावा घ्या,” म्हणाले, “जन्म, शिक्षण, पुरस्कार, आणि शेवटी दोन ओळी श्रद्धांजलीच्या.” आढावा मला जमणार नाही. तुमची जन्मतारीख मला माहीत नाही, आणि सत्काराच्या शाली तर तुम्ही शिलाई मशीन झाकायला गल्लीत वाटून टाकल्या होत्या. मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

सरळ सांगते. मला भीती वाटतेय. रविवारी चार वाजता मागच्या चौकातून मिरवणूक आहे. आठवड्यापासून फोनवर एक भडकवणारा व्हिडिओ फिरतोय. तो कुठल्या गावचा, कधीचा, कुणी काढला, कुणालाच माहीत नाही, पण बघितलाय सगळ्यांनी. परवा लक्ष्मम्मा आणि हाजिरा दोघी माझ्या फ्लॅटवर आल्या, चपला बाहेर काढून सोफ्याच्या टोकावर बसल्या, आणि म्हणाल्या की रविवारी खुर्च्या टाकायच्या आहेत. मधल्या खुर्चीत मी बसायचं. मी चहा करायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

कुलकर्णीकाकांच्या वाचकांना हे काही कळणार नाही, म्हणून थोडं त्यांच्यासाठी लिहिते. तुम्ही स्वल्प ऐकून घ्या.

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटमधून बाहेर पडलं की एक रस्ता लागतो. त्याच्या एका अंगाला वरची गल्ली, तिच्या टोकाला देऊळ. दुसऱ्या अंगाला खालची गल्ली, तिच्या टोकाला मशीद. दोन्ही गल्ल्या जिथे भेटतात तिथे छोटासा चौक आहे. आमच्या बाराव्या मजल्यापर्यंतच्या घरांतली धुणी-भांडी, स्वयंपाक, गाड्या, बागा सगळं या दोन गल्ल्यांच्या जिवावर चालतं. लक्ष्मम्मा वरच्या गल्लीतली, देवळाबाहेर फुलं विकते. हाजिरा खालच्या गल्लीतली, ब्लाउज शिवते. आणि सुमित्रक्का या दोन्हींतल्या कुठल्याच नव्हत्या. त्या मल्लेश्वरमच्या, शाळेतल्या ड्रिलच्या निवृत्त बाई. लक्ष्मम्मा त्यांची विद्यार्थिनी. नळावरून दोन गल्ल्यांत पहिल्यांदा डोकी फुटली तेव्हा तिने बाईंना बोलावलं, आणि बाई ज्या आल्या त्या दोन बस बदलून येतच राहिल्या.

तुमची पद्धत अगदी साधी होती. वातावरण तापलं की चौकात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या. एक वरच्या गल्लीची बाई, एक खालची, मग पुन्हा वरची. पुढ्यात भिजवलेल्या अवरेकाळूंच्या टोपल्या. अवरेकाळु म्हणजे आपले पावटे. रात्रभर भिजवायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालीतून बाहेर काढायचा. थंडीत बंगळुरातल्या घराघरात हे काम चालतं आणि ते संपता संपत नाही. हंगाम नसला तर लसूण सोलायचा. घोषणा नाही, फलक नाही, भाषण तर नाहीच. टोपली रिकामी होईपर्यंत कुणी उठायचं नाही, एवढा एकच नियम. वीस-पंचवीस बायका रस्ता अडवून पावटे सोलतायत म्हटल्यावर येणाऱ्या घोळक्याला कसं वागावं ते सुचतच नसे. त्यांत कुणाची आई असायची, कुणाची मावशी. “एय, तुझ्या आईला गोळ्या मिळाल्या का रे?” असं तुम्ही पुढच्यालाच विचारायचात, कन्नडमध्ये, ड्रिलच्या आवाजात. तो बिचारा हातातली काठी मागे लपवायचा.

मी तुम्हाला म्हटलं होतं, “अक्का, याला काहीतरी नाव द्या. मिनिट्स लिहूया. पोलिसांना आधी पत्र देऊया.” तुम्ही म्हणालात, “नाव दिलं की अध्यक्ष पाहिजे. अध्यक्ष केला की भांडण. सुम्ने, उगी बस आणि सोल.” मी नागपूरची, आयटीतली, माझ्या प्रत्येक वाक्याला तीन मुद्दे असतात. तुम्ही मला ‘पॉवरपॉइंट’ म्हणायचात. मी तुमच्या मराठीला हसायचे तर तुम्ही म्हणायचात, “आमची माणसं इथं आली ती शहाजीराजांच्या वेळेला. तू काल आलीस, तेही विमानानं. कुणाची मराठी जुनी, सांग बघू.”

सत्काराला तुम्हाला ‘महिला नेत्या’ म्हणून बोलावलं की तुमचा चेहरा आंबट व्हायचा. “नेत्या म्हणजे पुढं चालणाऱ्या. मी तर बसून असते,” म्हणायचात. पण अक्का, नेतृत्व तुमचंच होतं. तुम्ही एक दिवस आला नाहीत तर पंचवीस बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहायच्या. आता रोज तसंच चाललंय.

मला घाबरायला लावणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक मिरवणूक. ती भीती मी लक्ष्मम्माला सांगितली, ती म्हणाली तिलाही वाटते, आणि आम्ही दोघी हसलो. दुसरी गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मधल्या खुर्चीच्या एका बाजूला लक्ष्मम्मा बसते आणि दुसऱ्या बाजूला हाजिरा. म्हणजे रविवारी तीन तास माझ्या कोपराला हाजिराचं कोपर लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज शहरभर फिरत होते. मी तेव्हा नुकतीच सोसायटीची सेक्रेटरी झाले होते, माझी इरा पाच वर्षांची होती. दुपारी चारला मला ऑफिसातल्या कुणीतरी तो मेसेज पाठवला. मी घरूनच काम करत होते. मी इराला हाक मारली, ती आतच होती, तरी मी जाऊन बघून आले. मग मी सोसायटीच्या लेटरहेडवर चार ओळी टाइप केल्या. ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या परिसरात फिरत असल्याचं समजतं. कृपया मुलांना खाली पाठवू नये. पुढील सूचनेपर्यंत मागचं गेट बंद राहील.’ खाली नाव नाही, फक्त ‘सेक्रेटरी, व्यवस्थापन समिती’. ग्रुपवर टाकलं. शंभर अंगठे आले. कुणीतरी ‘व्हेरी प्रोॲक्टिव्ह’ लिहिलं. मला बरं वाटलं, अक्का. खरंच सांगते, मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

ग्रुपवरून ते ड्रायव्हरांकडे गेलं, स्वयंपाकाच्या बायकांकडे गेलं, सुरक्षारक्षकांकडे गेलं, आणि पंधरा मिनिटांत दोन्ही गल्ल्यांत पोचलं. तोवर गल्लीत लोक त्या मेसेजना हसत होते, हे मला नंतर लक्ष्मम्माने सांगितलं. पण एवढ्या मोठ्या सोसायटीने लेटरहेडवर लिहून दिलंय, आणि बघा, गेटसुद्धा लावलंय. म्हणजे खरंच असणार.

हाजिराचा धाकटा भाऊ सलीम त्या दिवशी कोलारहून बहिणीला भेटायला आला होता. गल्लीत त्याला कुणी ओळखत नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत भाच्यांसाठी चॉकलेटं. पत्ता सापडेना म्हणून त्याने खेळणाऱ्या एका मुलालाच विचारलं.

पुढचं मी बाल्कनीतून पाहिलं. तो आमच्या मागच्या गेटकडे धावत आला, मागे मारायला निघालेला घोळका. त्याने दोन्ही हातांनी गेट हलवलं. रक्षक आत उभा होता, त्याच्या खिशात किल्ली होती आणि माझी सूचना. तो वर, आमच्या इमारतीकडे बघत होता, जणू कुणीतरी सांगेल. मला फक्त ओरडायचं होतं, ‘उघड.’ तिसरा मजला म्हणजे काही उंच नव्हे, ऐकू गेलं असतं. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मी इराला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही त्या दिवशी योगायोगाने लक्ष्मम्माकडे होतात. तुम्ही त्या गर्दीत घुसलात आणि पडलेल्या सलीमच्या शेजारी रस्त्यावर मांडी घालून बसलात. मग लक्ष्मम्मा बसली, मग हाजिरा धावत आली ती त्याच्यावर पडलीच, मग एकेक करून दोन्ही गल्ल्यांतल्या बायका येऊन बसत गेल्या. मधे तो पोरगा आणि भोवती बायका. लाथ मारायला वाटच उरली नाही. खुर्च्या आणि अवरेकाळूंची कल्पना त्यातूनच निघाली. सलीम वाचला. त्यापुढे त्याचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही, विचारायची हिंमतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी खाली आले. औषधं, फळं, ब्लँकेट असं काय काय घेऊन. तुम्ही विचारलंत, “कोण तू?” मी म्हटलं, “इथेच राहते. काही मदत करू का?” तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत आणि म्हणालात, “सरी, बरं. बस.” मी बसले ती तीन वर्षं बसलेच आहे. गल्लीत सगळे म्हणत आले की ‘असोसिएशन’ने नोटीस काढली होती. असोसिएशन म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. हाजिराने माझ्या इराचे शाळेचे झगे शिवले. ईदला डबा पाठवला. मी तो डबा धुऊन परत करताना दर वर्षी ठरवायचे की आज सांगू, आणि दर वर्षी डब्यात करंज्या भरून द्यायचे.

आपलं ते गेटवरचं भांडण आठवतं? गेल्या वर्षी तुम्ही आमच्या समितीसमोर येऊन मागणी केली होती की वातावरण तापेल त्या दिवशी मागचं गेट उघडं ठेवा. मी सेक्रेटरी म्हणून उभी राहिले आणि चक्क विरोध केला. आत एवढी मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, जबाबदारी कुणाची? अगदी तीन मुद्दे मांडले. तुम्ही बाहेर आल्यावर मला म्हणालात, “तुमचं दार लागलेलं दिसलं की बाहेरच्याला वाटतं, आतल्यांना काहीतरी ठाऊक आहे. कळतं ना तुला?” कळत होतं. माझ्याइतकं ते कुणालाच कळत नव्हतं. मी चिडून म्हटलं, “तुमचं ठीक आहे अक्का, तुम्हाला मुलंबाळं नाहीत.” इतकं वाईट बोलले मी. तुम्ही छत्री उचललीत आणि बसस्टॉपकडे गेलात. पुढच्या मंगळवारी आलात तेव्हा माझ्यासाठी तुमच्या क्रॉसवरच्या, म्हणजे तुमच्या गल्लीतल्या, दुकानातली कोडबळी आणली होतीत. तुम्ही तो विषय काढला नाहीत, मी माफी मागितली नाही. कोडबळी मात्र सगळी खाल्ली.

तुमची-माझी शेवटची भेट तीन आठवड्यांपूर्वीची. दुपारची वेळ, तुम्ही उशांना टेकून बसला होतात, कॉफी बंद केली म्हणून डॉक्टरवर तोंडसुख घेत होतात. मधेच म्हणालात, “माझ्यामागं मधी तू बसायचं. दोन्ही गल्ल्यांतली नाहीस म्हणून.”

“मला नाही जमणार. मी घाबरट आहे, अक्का.”

“मग काय झालं?”

“तुम्हाला कसं कळणार? तुम्ही त्या दिवशी सरळ त्या माणसांच्या पायांत जाऊन बसलात.”

तुम्ही हसायला लागलात, खोकला येईपर्यंत हसलात. “अय्यो, तुला वाटलं मी मुद्दाम बसले? पाय गेले माझे! घाबरून गुडघ्यात जीवच राहिला नाही, म्हणून खाली बसले. मला बघून लक्ष्मम्मा बसली. तिला वाटलं बाईंनी ड्रिलची ऑर्डर दिली.”

“मग ते टोपली संपेपर्यंत उठायचं नाही, तो नियम?”

“उभी राहिले असते तर पळाले असते ना. बसलेल्या माणसाला पळायला वेळ लागतो.” मग साडीचा काठ उगाच सारखा करत म्हणालात, “दर वेळेला असंच व्हायचं. सकाळपासून घोटभर पाणी घेत नव्हते. भीती जाईल म्हणून वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील, अपर्णा. आणि अजून एक सांगते. तू हाजिराशी बोलताना भिंतीकडं बघतीस. ती माणूस चांगली आहे. तिच्याकडं बघून बोल.”

तुम्हाला ठाऊक होतं का, अक्का? मी तो प्रश्न ओठांपर्यंत आणला होता. तेवढ्यात तुमची भाचेसून औषध घेऊन आली आणि मी पर्स उचलली. मेट्रोत बसल्यावर मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वेळी नक्की. तुम्हाला आधीच माहीत असेल तर तुम्ही मला तीन वर्षं शेजारी कशा बसवून घेत होतात? आणि माहीत नसेल तर माझ्याबद्दलचं तुमचं मत मी खोटेपणाने मिळवलं. दोन्हींतलं कुठलं सोसेल, हे अकरा दिवस मला ठरवता आलेलं नाही.

म्हणून मी हे इथे लिहून टाकलं. लेख छापून येईल, सगळ्यांना कळेल, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल, असा माझा बेत होता. आत्ता मागचं सगळं वाचताना लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलंय. मंडळाचा अंक बंगळुरातल्या मराठी घरांत जातो. हाजिराला मराठी वाचता येत नाही. बोललेलं कळतं थोडंफार, पण वाचायला ती उर्दू आणि मोडकं कन्नड वाचते. म्हणजे ज्या एका बाईला हे सांगायचं, ती सोडून सगळ्यांना मी हे सांगणार आहे. इतकी हुशारी माझ्यात भीतीमुळेच येते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘पॉवरपॉइंट, चुकीच्या माणसांपुढं लावलंस.’

इथपर्यंत गुरुवारी लिहिलं होतं. आज शनिवार, तुमचा तेरावा. राहिलेलं लिहिते.

काल दुपारी मी हाजिराकडे गेले. निखिलला, माझ्या नवऱ्याला, सकाळीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, “तिने गल्लीत सगळ्यांना सांगितलं तर? आपल्याला इथेच राहायचंय, इरा या गेटमधून शाळेत जाते.” तो चुकीचं बोलत नव्हता. जिना उतरताना मला तेच सगळं दिसत होतं. मागच्या गेटपाशी दोनदा परत फिरले. रक्षकाने विचारलं, “मॅडम, काही विसरलात का?”

हाजिराच्या घराचं दार उघडंच असतं, कारण मशीन दाराशी आहे आणि उजेड तिथूनच येतो. तिने मला बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं. “बैठो ना. अक्का की बहोत याद आ रई.” मी बसले. तिच्याकडे बघून बोलायचं असं ठरवून गेले होते, आणि बघितलं. तुमचं ऐकलं तेवढं. नागपूरची असल्यामुळे हिंदी मला जन्मापासून येते, पण काल एकही वाक्य नीट जुळलं नाही. इतकंच म्हणाले की ती नोटीस मी लिहिली होती. गेट मी बंद करायला सांगितलं होतं. तेव्हाची सेक्रेटरीही मीच.

मशीन थांबलं. तिचा हात कापडावर तसाच होता.

“तुमीच?”

“हो. मीच.”

“सलीम गेट हिलाया, तब तुम किदर थे?”

“वर. बाल्कनीत. बघत होते.”

मी हे मराठीत बोलून गेले होते, पण तिला कळलं. मला वाटलं ती ओरडेल, मारेल, बाहेर हाकलून देईल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी उठून गेले असते. तिने नुसता फोन उचलला, एक नंबर लावला आणि तो माझ्यापुढे धरला.

“मेरेकू नक्को बोलो. उसकू बोलो.”

पलीकडे भट्टीचा आवाज येत होता. सलीम कोलारला एका बेकरीत काम करतो, हेसुद्धा मला काल कळलं. “हॅलो,” म्हणाला. मी माझं नाव सांगितलं. “कौन?” म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. “कौन?”

“जोर से बोलो,” हाजिरा म्हणाली. “एकीच कान है उसकू. दूसरा उसीच दिन गया.”

अक्का, मी जोरात बोलले. जी गोष्ट मी तीन वर्षं कुजबुजतही कुणाला सांगितली नव्हती, ती मला त्या उघड्या दारात बसून ओरडून सांगावी लागली. प्रत्येक वाक्य दोनदा. नोटीस मैंने लिखी थी. गेट मैंने बंद करवाया था. मैं ऊपर से देख रही थी. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. नळावरच्या दोघी कळशा तशाच ठेवून वळल्या. वरच्या गल्लीतून कोण येत होतं तेही उभं राहिलं. मला कुणाकडेही बघवत नव्हतं, मी हाजिराच्या पायाशी पडलेल्या चिंध्यांकडे बघत ओरडत होते.

माझं बोलणं संपलं. पलीकडे नुसती भट्टी. माफी मागायचं राहिलंच होतं, आणि आता मागायला तोंड नव्हतं.

मग त्याने विचारलं, “आपा बोल्ली इत्वार कू जुलूस है. बच्चे उदरीच हैं. गेट खुला रहेंगा?”

बाकी काही नाही. माझ्या तीन वर्षांबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं. त्याची बहीण आणि भाचरं उद्या संध्याकाळी कुठे पळतील, एवढंच त्याला हवं होतं. समितीची बैठक झालेली नाही, अध्यक्ष उघडायला कधीच तयार होणार नाहीत, बाकीचे मला काढून टाकतील, आत माझी स्वतःची मुलगी आहे, आणि तुम्ही नाही. हे सगळं एका दमात माझ्या डोक्यात आलं. मी पुटपुटले, “रहेगा.”

“क्या?”

हाजिराने फोन माझ्या आणखी जवळ आणला. तिच्या चेहऱ्यावर माफी नव्हती, मी नीट बघितलं. ती फक्त उत्तराची वाट बघत होती, आणि नळावरच्या बायका, आणि समोरच्या घरातली ती.

मी उठून उभी राहिले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले, “खुला रहेगा!”

दोन्ही गल्ल्यांत ऐकू गेलं, अक्का.